सरजाबाईचा कापूस

कापूस पिंजायच्या यंत्राच्या मोटारीतून धूर निघाला तसा गफूरनं धावत जाऊन खटका बंद केला, नाकाला रुमाल लावला आणि सवयीनं म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह."

दिलशाद पिठाच्या हातानंच बाहेर आली. औशाच्या बाजारात त्यांचं गाद्यांचं दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे दुकानात काही जळलं की आधी चुलीपाशी वास यायचा.

"मोटार जली, और तुमकू शुकर सूझ रा?"

"कापूस तो नै जला ना," गफूर म्हणाला आणि कोपऱ्यातला कापसाचा ढीग कवटाळून यंत्रापासून लांब नेऊन टाकला.

दिलशादनं कपाळावर हात मारून घेतला, पिठासकट. तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या शुक्रानं, उठताबसता अल्लाचे आभार मानण्यानं, तिला भंडावून सोडलं होतं. एसटी चुकली तर शुक्र, कारण मागच्या गाडीत बसायला जागा मिळाली. थोरली मनतशा बारावीत नापास झाली तरी शुक्र, कारण पोरगी रडली पण जेवली. पिंजायच्या यंत्रात करंगळीचं टोक गेलं, त्या दिवशी दवाखान्यात पट्टी बांधून घेता घेता यानं तिला उरलेली नऊ बोटं मोजून दाखवली होती. अल्लानं नेलं काय यापेक्षा ठेवलं काय ते बघायचं, एवढंच त्याला कळायचं आणि तेवढं तो नमाजाच्या नेमानं पाळायचा.

मोटार दुरुस्त होऊन यायला दोन दिवस गेले. लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या बारा गाद्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. दुपारची नमाज पढून गफूर यंत्रापाशी बसला तो मान वर न करता कापूस घालत गेला, पिंजत गेला, भरत गेला. अकरा गाद्या झाल्या. बाराव्या गादीच्या कापसात हात घातला आणि त्याची बोटं थांबली. मधले काही पुंजके आखूड धाग्याचे, खरखरीत, जरासे पिवळट. वसतिगृहाचा कापूस असा नव्हता.

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. धुराच्या गडबडीत तिथला ढीग त्यानंच उचलून वसतिगृहाच्या ढिगाला लावला होता, आणि तो ढीग अंगणवाडीच्या सिंधुताईंचा होता. त्यांच्या आईनं, सरजाबाईनं, स्वतःच्या शेतात वेचलेला, म्हातारपणी तिच्याच पाठीखाली असलेला. दिवाळीच्या सुमारास म्हातारी गेली. "पिंजून द्या, पण दुसरा कापूस चिमूटभर बी घालू नका, गफूरभाई," असं बजावून ताईंनी गादी दिली होती. आता तो कापूस बारा गाद्यांत पसरला होता आणि कुणाच्या बापाला तो वेगळा काढता आला नसता. एका घरचा कापूस दुसऱ्या घरी जाऊ द्यायचा नाही, हे पिंजाऱ्याचं पहिलं पथ्य, आणि तेच मोडलं होतं.

दिलशादनं त्याचा चेहरा बघूनच सगळं विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "उतनाच दुसरा कापूस भर के दे देव. कौन पैचानता?"

"मैं पैचानतूं ना."

आता हा शुक्र कशाचा करतो म्हणून ती थांबली. त्यानं यंत्राचा खटका बंद केला. आपलं नुकसान झालं तर शुक्र करता येतो. दुसऱ्याचं करून ठेवलं, तर त्याच्या वतीनं शुक्र कोणत्या तोंडानं करायचा? आणि ही तर अमानत होती, विश्वासानं ठेवायला दिलेली. संध्याकाळी मशिदीत सजद्यात डोकं टेकवून त्यानं एकच मागितलं: सांगायची हिंमत दे, पुढचं तुझ्यावर सोडतो.

सकाळी तो चांगल्यात चांगल्या कापसाची नवी गादी डोक्यावर घेऊन ताईंच्या घरी गेला. सिंधुताई अंगणवाडीला निघाल्या होत्या.

"ताई, ही आईची न्हाई," तो गादी खाली न ठेवताच म्हणाला. "आईचा कापूस माझ्या हातानं दुसऱ्या गाद्यात गेला. लातूरच्या होस्टेलात. चूक माझी हाय."

सिंधुताई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "मग सांगितलं कशाला? गप बसला असता तर मी आईपाशी झोपल्यागत झोपले असते की!"

त्यानं डोक्यावरची गादी ओट्यावर टेकवायला घेतली.

"न्या वापस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गादी तशीच डोक्यावर घेऊन गफूर भर बाजारातून परत आला. पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात शुक्र ऐकू आला नाही, आणि ज्याला ती तीस वर्षं वैतागली होती त्याच्यावाचून दिलशादला करमेना. एकदा तिच्या हातून कप फुटला. तिनं मोठ्या आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मुकाट्यानं तुकडे गोळा करत बसला.

आठवडी बाजाराच्या दिवशी सिंधुताई दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून त्यांनी एक फुलाफुलांची, तेलकट उशी काढली.

"आईची हाय. आता एवढीच राहिली. आत गोळे झालेत, मान लई दुखायलीय. पिंजून द्या."

गफूर दोन पावलं मागे सरला. "नको ताई. दुसऱ्या कुणाकडं द्या. न्हाईतर हितं बसा, तुमच्या डोळ्यादेखत करतो."

"मला येळ हाय का? भाजी घ्यायची हाय, दळण आणायचं हाय. तुमच्यावर पहारा देत बसू व्हय?" त्यांनी उशी त्याच्या हातांत दिली. "सांजच्याला येते."

आणि त्या गेल्या. एकदाही मागं न बघता बाजारात शिरल्या.

गफूर उशी छातीशी धरून उभाच राहिला. त्याचं तोंड वाकडंतिकडं झालं, ओठ हलले. आवाज काही फुटला नाही, पण आतल्या दारात उभ्या असलेल्या दिलशादला तो शब्द विचारावा लागला नाही. तिचेच डोळे भरून आले.

मग त्यानं दुकान झाडलं. बाकीचा सगळा कापूस आतल्या खोलीत नेला. यंत्राचे दाते पुसले, फटींतून बोट फिरवलं, पुन्हा झाडलं. नमाजाआधी करतो तसा हातपाय, तोंड धुऊन वजू केला, जमिनीवर धुतलेली चादर अंथरली, उशी मांडीवर घेतली आणि कडेचा पहिला टाका उसवायला घेतला. दिलशादनं दारातूनच हात लांबवून पंखा बंद केला, एक धागासुद्धा उडायला नको म्हणून.