मास्तरांचा पांढरा कोट

शिंपीमास्तरांचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मास्तर तिथून उठले ते थेट कापडाच्या दुकानात गेले. पांढरं कापड घेतलं, अस्तर घेतलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, कोट शिवायला घेतोय. शवपेटीत घालायचा. माझा."

मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले, पण हातातलं काजाचं काम काही त्यांनी खाली ठेवलं नाही. "खिसे किती?"

"खिसे कशाला? तिथे काय न्यायचंय?"

मरणाची भीती मास्तरांना नव्हती. प्रभू मेलेल्यांतून उठला आणि आपल्यालाही उठवणार, याविषयी त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. भीती होती ती पुढची. उठल्यावर त्याच्यासमोर उभं राहायचं, ते काय घेऊन? प्रार्थनेत त्यांना हमखास डुलकी लागायची. दानधर्म नेहमी उद्यावर जायचा. थोरल्या भावाशी अबोला धरला, तो त्याच्या मातीच्या दिवसापर्यंत. आयुष्यात एकच गोष्ट निर्दोष साधली होती, ती म्हणजे बाही बसवणं. मास्तरांनी शिवलेल्या खांद्यावर कुणी एक चुणी दाखवावी. तेव्हा निदान तेवढं तरी देवाला दाखवू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण हात थरथरू लागले होते. डावी बाही कशीबशी बसली. उजवी बसेना. बसवली की चुणी, चुणी दिसली की उसव. सहाव्यांदा उसवली, तेव्हा कापडाचे धागेच सुटायला लागले.

"द्या इकडे, मी बसवते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तू?" बेचाळीस वर्षांत त्यांनी काजं, बटणं आणि तुरपाईच्या पुढे मजल मारली नव्हती; मास्तरांनी मारू दिली नव्हती. "देवासमोर तुझी बाही घालून उभा राहू?"

"नका राहू. एकाच बाहीनं जा. गर्दीत पटकन ओळखू तरी याल."

रविवारी दोघं चर्चमध्ये गेली. तिथले पाळकसाहेब प्रवचन गाऊन सांगत. अर्धं वाक्य बोलत, उरलेलं सुरात सोडत, आणि मंडळी ध्रुवपद उचलून धरी. असं प्रवचन ज्यानं ऐकलं आहे, त्यालाच त्याची गोडी ठाऊक. वचन कानाशी थांबलं, तर सूर त्याला हाताला धरून आत नेतो.

त्या दिवशी गोष्ट होती राजाच्या मुलाच्या लग्नाची. राजानं रस्त्यावरच्या बऱ्यावाईट सगळ्यांना बोलावलं. जुनी माणसं सांगतात, पाळकसाहेब गात होते, की दारातच राजाचे चाकर प्रत्येकाला लग्नाचा पोशाख देत होते. चिखलात माखलेल्यालाही दिला, चोरालाही दिला. एकजण तेवढा म्हणाला, मला माझाच कोट बरा. आणि भरल्या पंगतीतून त्याला बाहेर जावं लागलं.

मंडळी गाऊ लागली. उपासना संपताच मास्तरांनी पाळकसाहेबांना दारात गाठलं.

"त्याचा कोट फाटका होता का?"

"कुणाचा?"

"ज्याला बाहेर काढला त्याचा."

"तसं काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे चांगला शिवलेलाही असेल. बाही चोख बसलेली."

"असेलही, मास्तर. तरी चालला नसता."

"का म्हणून?"

"लग्न त्याच्या कोटाचं नव्हतं ना." पाळकसाहेब हसले. "स्वतःच्या शिवणीवर तिथे कुणी आत जात नाही. तारण फुकट मिळतं. देणाऱ्याला मात्र त्यासाठी वधस्तंभावर जीव द्यावा लागला."

मास्तर हटेनात. "इतक्या लोकांना पोशाख वाटायचे, म्हणजे सगळे एकाच मापाचे शिवलेले. कुणाला ढगळ, कुणाला तंग."

"मापं त्याच्याकडे आहेत. तुम्ही आईच्या पोटात होता, तेव्हापासूनची."

घरी येताच मास्तरांनी कोट बाहेर काढला. यंत्रासमोर बसून त्या एकबाही कोटाकडे बघत राहिले. आयुष्यभर गावाला कपडे घातले, पण स्वतः दुसऱ्याच्या हातचं कधी अंगाला लावलं नव्हतं. घेणं जमलंच नव्हतं. भाऊ दोनदा समेट करायला दारात आला होता. तोही तसाच परत गेला होता. मास्तरांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलत राहिले. या खेपेला डुलकी लागली नाही.

मग त्यांनी हाक मारली. "अगं, बाही बसव."

दातांत जीभ धरून मास्तरीणबाईंनी तासभर खपून बाही बसवली. खांद्यामागे चांगली ठसठशीत चुणी आली. मास्तरांचा हात आपसूक ब्लेडकडे गेला, घुटमळला, आणि ब्लेड न घेताच मागे आला. त्यांनी कोट चढवला.

"कसा दिसतो?"

"मागे चुणी आलीय," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या.

"राहू दे. तिथे दारातच बदलून मिळणार आहे."

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "पुढे जाताच आहात, तर माझंही माप सांगून ठेवा."

"सांगायला कशाला हवं? त्याला ठाऊक आहे. कमरेचं तर तू मला सांगतेस ते नव्हे, खरं."

त्यांनी गळ्यातला टेप नवऱ्याच्या अंगावर फेकला. मास्तर इतके हसले की त्यांना धाप लागली. मग त्यांना खुर्चीवर टेकवून, वरच्या बटणापासून सुरुवात करत, त्या एकेक बटण सावकाश लावू लागल्या.