गड पडल्याचा दिवस

मित्सुएने तटाच्या पायथ्याशी माजलेला बांबू दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि उघड्या पडलेल्या दगडावर तळवा टेकवला, तोच वरून आवाज आला.

“त्या दगडाला धरू नका हो वहिनी. मघाशी इथे वर मी जरासा टेकलो तर दगड हलला.”

तिने दचकून वर पाहिलं. आज हिनोसेच्या गडावर माणूस भेटेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. गड पडल्याचा दिवस. या दिवशी खालच्या गावातलं कुत्रंसुद्धा इकडे फिरकत नाही. वर उभा होता तो साठी उलटलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला गृहस्थ. बाहेरगावचाच असणार, नाहीतर आज कशाला तडमडलाय इथे.

तो वळसा घालून खाली आला. नाव निशिवाकी, राहणार कोबेचा. नोकरी संपल्यापासून किल्ले बघत हिंडायचा नाद लागलाय, असं त्याने न विचारता सांगितलं. बायको म्हणते, पडकं काही बघायचंच असेल तर घरात आरसा आहे की. एवढं बोलून तो स्वतःच हसला. मित्सुए हसली नाही, तेव्हा त्याने विषय बदलला. गावात चहा विचारायलाही माणूस भेटला नाही म्हणाला. जो तो घाईत, जो तो मान खाली घालून. झालंय काय गावाला?

“आज दिवस मावळतीला टेकला की सगळे दारं लावून घेतात,” मित्सुए म्हणाली. “वरून मेलेल्यांच्या हाका येतात. त्यांना ओ द्यायची नसते.”

निशिवाकीने टोपी काढून कपाळ पुसलं. या गडाबद्दल त्याने बरंच वाचलेलं दिसत होतं, आणि ऐकणारं माणूस मिळाल्यावर त्याला राहवेना. गडाचा धनी सगळी फौज घेऊन दुसऱ्याच लढाईवर गेला होता. मागे उरली म्हातारी माणसं, बायका, पोरंसोरं. सकाळी वेढा पडला आणि दुपारपर्यंत गड गेलाही. जिंकणाऱ्याने खालच्या गावकऱ्यांना बोलावून दम भरला, वर कोणी पाणी नेलं तर गाव जाळीन. जखमी माणसं याच तटाखाली पडली होती आणि रात्रभर गावाला हाका मारत होती. नावं घेऊन मारत होती, कारण गावातलीच होती ती. कुणाची बहीण, कुणाचा बाप. गावाने दारं लावून घेतली.

“मेलेल्यांच्या कसल्या हाका, वहिनी? जिवंत होते ते. भुतं मागाहून केली गावाने. काय करतील, तोंड लपवायला काहीतरी हवंच की.”

मित्सुए तिथेच तटाला पाठ लावून बसली. या गावात सून म्हणून आली त्या वर्षी सासूने तिला दारं लावायला शिकवलं होतं. आवाज आला की लाकडी दारं भराभर सरकवायची, मागे बघायचं नाही, आणि उजाडेपर्यंत उघडायची नाहीत, सख्खा भाऊ बाहेर उभा असला तरी. एका वर्षी तिनेही काहीतरी ऐकलं होतं. हरीण असेल. तिने दार आणखी जोरात ओढलं होतं.

निशिवाकीला यातलं काय ठाऊक. तो समोर बघत, इथून गाव किती छान दिसतं म्हणून वाखाणत होता. तटावरचा आणि माचीवरचा बांबू कुणीतरी मेहनतीने तोडलाय बघा, म्हणाला. त्याशिवाय तट असा मोकळा होत नाही.

तो कोहेइने तोडला होता. तिच्या मुलाने. शहरात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी कोयता घेऊन गडावर यायचा. गावाला गड दिसला पाहिजे, गडाला गाव दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं वेड. असले दिवसबिवस तो मानत नसे. तीन वर्षांपूर्वी तो याच दिवशी घरी न डोकावता थेट वर आला, तटाचा दगड निसटला आणि तो खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. मांडीचं हाड मोडलं होतं. माणूस पडल्यापडल्या गेला नसावा, डॉक्टर म्हणाले. थंडीने गेला असावा, पहाटेकडे.

मित्सुए त्या रात्री शहरात बहिणीकडे होती. घरी नवरा एकटा होता. त्याने काही ऐकलं नाही. शेजाऱ्यांनीही काही ऐकलं नाही. पोलीस दारोदार फिरले आणि अख्ख्या गावाने कानांवर हात ठेवले. वारा होता म्हणाले. सगळ्यांनी अगदी हेच दोन शब्द वापरले, आणि तेच तिला खुपलं. नवऱ्याला तिने एकदाच विचारलं. तो जेवत होता. तिथला आवाज खाली पोचतच नाही, असं म्हणून त्याने भाताचा वाडगा पुन्हा तोंडाशी नेला. तेव्हापासून ती त्याच्या वाडग्यात भात वाढत होती, त्याचे कपडे धूत होती, त्याच्या शेजारी निजत होती, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करत होती. विश्वास नसता तर त्या घरात एक दिवस काढणं तिला जमलं नसतं.

आजही तिने बहिणीकडे मुक्कामाला जाते म्हणून सांगितलं होतं.

ऊन अजून होतं. गडाच्या सर्वांत जवळचं घर तिचंच. अंगणात नवरा शिडीवर चढून वळचणीला सुकत घातलेल्या पर्सिमॉन फळांच्या माळा उतरवत होता. इथून तो बोटाएवढा दिसत होता. एक माळ काढायची, खाली टोपलीत ठेवायची, पुन्हा चढायचं. कसलीच घाई नव्हती त्याला.

“तुमचा आवाज मोठा आहे,” मित्सुए निशिवाकीला म्हणाली. “खाली एक हाक माराल? आमच्याकडे म्हणतात, इथला आवाज खाली पोचत नाही.”

“न पोचायला काय झालं? मागे दगडाचा तट आहे एवढा.” त्याला गंमत वाटली. त्याने तोंडापाशी हात धरले आणि पोट आत ओढून हाक मारली, “ओऽऽ! कोणी आहे का?”

अंगणातला माणूस शिडीवर थबकला. त्याने गडाकडे पाहिलं नाही. हातातली माळ तशीच सुटली. तो शिडीवरून घसरतच उतरला, टोपली लाथाडून घरात शिरला, आणि पुढच्याच क्षणी ओसरीची दारं सरकू लागली. एक, मग दुसरं. खालच्या अंगाच्या घरातही तसंच झालं. मग त्याच्या शेजारी. दारांचा खडखडाट इथवर आला.

“घ्या,” निशिवाकी म्हणाला. “चांगलं खणखणीत पोचलं की.”

मित्सुए उठून उभी राहिली होती. तिच्या ओसरीचं शेवटचं दार अजून उघडं होतं आणि फटीत नवऱ्याचा सदरा दिसत होता. कोहेइ जन्मल्यापासून घरात नवऱ्याला एकच नाव होतं. मुलगा ज्या नावाने हाक मारायचा त्याच नावाने तीही मारायची.

“बाबाऽऽ!”

तिचा आवाज चिरकला. बाईचा की पुरुषाचा, कळू नये असा निघाला. फटीतला सदरा हलला नाही. वारा अजिबात नव्हता. ती तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिली, आणि त्या तेवढ्या वेळात तिने नवऱ्याला सगळं माफ करून टाकलं, फक्त त्याने बाहेर यावं, एक पाऊल अंगणात टाकावं.

तो खाली वाकला. गुडघे टेकून त्याने गडाच्या दिशेने हात जोडले, कपाळ जमिनीला लावलं, आणि तसाच बराच वेळ राहिला. मग बसल्या बसल्याच हात लांब करून त्याने दार ओढून घेतलं.

अंगणात सांडलेली फळं तांबडी दिसत होती. निशिवाकीने एकदा घराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि टोपी डोक्यावरून काढून हातात धरली. तो हळूच म्हणाला की आता अंधारेल, वाट निसरडी आहे, मी तुम्हाला दारापर्यंत सोडतो.

“तुम्ही व्हा पुढे,” मित्सुए म्हणाली आणि पुन्हा तटाशी, होती तिथेच बसली. “आज आमच्याकडे दार उघडत नाहीत.”