तक्त्यावर तेलाचे ठसे

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर नाही. साताऱ्याला आमच्या गल्लीत माझ्याबद्दल जे बोलतात त्यातलं निम्मं खोटं आहे. लग्न होऊन चेन्नईला निघाले तेव्हा आईने पिशवीत लाडवांचा डबा घातला आणि कानात सांगितलं, "नंदे, तिकडची माणसं शांत असतात. तोंड सांभाळ." मी आठ महिने सांभाळलं. जीभ दाताखाली धरून धरून दुखायला लागली होती.

माझं सासर चेन्नईतल्या नंगनल्लूरला. हे लोक मूळचे तंजावरचे मराठी. तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इकडचेच झाले, आणि त्यांची मराठीही तेव्हाचीच राहिली. 'सगळं' म्हणायचं तर 'अस्कं' म्हणतात, आणि मध्ये तमिळ असं मिसळतात की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवत होते. नवरा रघु श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात. कंपनीची बस त्याला साडेपाचलाच उचलून नेते. म्हणजे सकाळी घरात आम्ही तिघं: सासरे, सासूबाई आणि तोंड सांभाळणारी मी.

सासरे नारायणस्वामी, म्हणजे आमचे अप्पा, चेन्नईच्या ट्रकच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते तपासनीस होते. तीस वर्षं हातात तक्ता घेऊन प्रत्येक ट्रकच्या प्रत्येक नटापुढे बरोबरची खूण केली. त्या माणसाला उपाशीपोटी साखर निघाली दोनशे बारा. डॉक्टरांनी सांगितलं, दीडेक महिना देतो, रोज चाला, जमलं तर थोडं पळा, तेलकट बंद करा. एकशे चाळीसच्या खाली आली नाही तर इन्शुलिनची सुई सुरू.

सुई म्हटल्यावर अप्पांचा चेहरा उतरला. या माणसाला सुईची भीती म्हणजे अशी, की सासूबाई ब्लाउजला हुक लावायला बसल्या तरी हे उठून बाहेर जातात. दवाखान्यातून येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मा, ते मला होणार नाही." इकडे लेकीसुनांना 'मा' म्हणतात. मला फार वाईट वाटलं. काही झालं तरी या माणसाला सुई टोचू द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवलं.

घरी आल्यावर मी इंटरनेटवरून पळण्याचा तक्ता काढला, दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात छापला आणि आणून दिला. तीस चौकोन, प्रत्येकात 'आज बाहेर गेलात का?' असा इंग्रजीत प्रश्न, वर पोटाला सहा वळ्या असलेला एक गोरा माणूस पळतोय. अप्पांना तक्ता बघून हायसं वाटलं. मग त्यांनी चष्मा लावला.

"यात तीस दिवस अहेत," ते म्हणाले. "तीस काय उपयोगी? मंडल पाहिजे."

इकडे कुठलंही व्रत धरायचं तर मंडल धरतात, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. मी दुसरा कागद छापून आणला, त्यातले अठरा चौकोन कापून पहिल्याला चिकटवले. अप्पांनी पट्टीने आखून शेजारी शेरा लिहायला एक रकाना वाढवला. तोवर सासूबाई, भवानीअम्मा, हळदीची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी चारी कोपऱ्यांना हळद लावली. त्या गोऱ्या माणसाच्या कपाळालाही कुंकू लागलं. मग तक्ता देवघराशेजारी, रोज पान फाडायच्या कॅलेंडरखाली टांगला गेला. आता त्यावर फुली मारायची नाही, अम्मांनी बजावलं. हळद लागलेल्या कागदावर फुली म्हणजे अपशकुन.

मला वाटलं, उद्या सकाळी सुरू. कुठलं काय. अम्मांनी कॅलेंडरची पानं उलटायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी राहुकाळ. गुरुवारी सकाळी यमगंड, तोही अशुभच. शेवटी त्यांचं बोट शनिवारवर थांबलं. शनिवारी सहा ते साडेसात कुळिगै. या वेळेत जे करावं ते पुन्हा पुन्हा घडत राहतं, अशी इकडे पक्की समजूत आहे. म्हणून लोक कुळिगैत सोनं घेतात आणि कुळिगैत प्रेत उचलत नाहीत. पळायला कुळिगैत सुरुवात केली की पळणं आपोआप रोज होणार, असा अम्मांचा हिशोब. मी दात आवळून म्हटलं, "छानच की."

शनिवारी सहाला अप्पा पांढरे बूट घालून गेले आणि पावणेसातला आले. चौकोनात बरोबरची खूण, खाली सही, शेऱ्यात 'वेळ पाळली'. रविवारीही तसंच. सोमवारीही. मी ऑफिसात शोळिंगनल्लूरला सगळ्यांना सांगत सुटले, आमचे सासरे चौसष्टाव्या वर्षी रोज पळतात. एका मुलीने तर फोटो मागितला.

एकोणिसाव्या दिवशी तक्त्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं आणि माझं लक्ष गेलं. प्रत्येक चौकोनात एक डाग होता. गोल, अंगठ्याएवढा, आणि कागद तिथे काचेसारखा आरपार दिसत होता. एक ते अठरा, ओळीने. मी वास घेतला. तेल. दिव्याचं नव्हे, तळणाचं. पळून आलेल्या माणसाच्या अंगठ्याला घाम असेल, तळणाचं तेल कुठून येईल?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे गेले. अप्पा फाटकातून निघाले ते झकास निघाले. हात दुमडलेले, छाती पुढे. वेग असा, की टोपली घेतलेली फुलवाली त्यांना मागे टाकून गेली. कोपऱ्यावर एक मेस आहे. तिथे अप्पांनी वळण घेतलं, आत शिरले, आणि त्यांनी काही मागायच्या आत पुढे ताटली आली. दोन मेदूवडे, सांबारात बुडवलेले. पोऱ्या नाही, खुद्द मालक घेऊन आला. म्हणजे ओळख किती दाट झाली होती बघा.

मी समोर जाऊन उभी राहिले. अप्पांनी घास गिळला.

"मा," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या हाती काही नाही. पहिल्या दिवशी इथपर्यंत आलो, वास आला, आत गेलो. तेव्हा कुळिगै होती. आता रोज होतें. मी काय करू?"

"पण तक्त्यावर खुणा केल्यात ना रोज?"

"चौकोनात 'बाहेर गेलात का' एवढंच विचारलंय. मी गेलो. खोटी खूण मी तीस वर्षांत केली नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी गप्प बसले, आईची शपथ. घरी येऊन अम्मांना सांगितलं, तर अम्मांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की उपाय एकच. पुन्हा शनिवार, पुन्हा कुळिगै, आणि या वेळी सुनेने बरोबर जायचं. मला हसावं की रडावं कळेना. पण सुई डोळ्यांपुढे होती. अठ्ठावीस दिवस उरले होते आणि या माणसाने वीस दिवसांत चाळीस वडे रिचवले होते.

शनिवारी सहाला आम्ही दोघं निघालो. मी ओढणी कमरेला खोचली होती. कोपरा आला. मेसमधून वाफ आली, तेल चुरचुरलं, आणि अप्पांचे पाय हळू झाले.

"मा, एकच. नुसतं बघून येतों."

आणि माझं आठ महिन्यांचं धरण फुटलं.

"बघून येतो? वडा काय आजारी आहे, बघून यायला? अप्पा, पाय उचला. तिकडे डॉक्टर सुई परजून बसलाय आणि तुम्ही इथे सांबारात पोहताय. लाज नाही वाटत? हळद लावलेल्या तक्त्याला तेल पुसता? साखर तीनशे झाली की या मेसवाल्याला घेऊन जा दवाखान्यात, मी येणार नाही. पळा म्हणते ना, पळा."

सगळं मराठीत, साताऱ्याच्या आवाजात. फुलवाली टोपली धरून थांबली. मेसचा मालक झारा हातात घेऊन बाहेर आला. आमच्या समोरच्या बाल्कनीत दात घासणारे गृहस्थ ब्रश तोंडात तसाच ठेवून उभे राहिले. आणि अप्पा पळाले. खरोखर पळाले, आयुष्यात पहिल्यांदा असावेत. थेट बागेच्या फाटकापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. मी मागून ओरडत होते, ते पुढे पळत होते.

घरी येईपर्यंत माझा राग गेला होता. सासऱ्यांना भर रस्त्यात झापलं. आता आईला काय सांगू. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती वाजता ओरडलीस?"

"सव्वासहा असतील."

अम्मा स्टुलावर बसल्या. "अय्यो. कुळिगै."

रविवारी सकाळी सहाला माझ्या दारावर टकटक झाली. अप्पा बूट घालून उभे.

"मा, वेळ झाली."

"कसली?"

"ओरडण्याची."

मी सांगून पाहिलं की असं काही नसतं. ते ऐकेनात. कुळिगैत जे झालं ते रोज होणार, तू उगीच अडवू नकोस, म्हणाले. मी कोपऱ्यावर जाऊन नुसतं "चला" म्हटलं, तर ते जागचे हलले नाहीत. मी ओरडले, तेव्हा ते निघाले. असं रोज सुरू झालं. शेऱ्याच्या रकान्यात आता माझा निकाल यायला लागला. 'आवाज उत्तम.' 'आज आवाज कमी, सर्दी?' 'म्हण समजली नाही, तरी पळालो.' तेलाचे डाग मात्र थांबले. मेसचा मालक आम्ही दिसलो की ताटली लपवायचा. तोही घाबरला होता.

दोन आठवड्यांत माझ्याकडचा राग संपला. रोज रोज नवा राग आणणार कुठून? मग मी मिळेल त्यावरून ओरडायला लागले. बुटाच्या नाडीवरून ओरडले. तुंबलेल्या गटारावरून ओरडले. एकदा ऑफिसातल्या मॅनेजरचा राग होता तो काढला. "एकच मेल पाच वेळा कशाला पाठवता? एकदा वाचता येत नाही?" अप्पांनी मागे वळून "चुकलं" म्हटलं आणि वेग वाढवला.

अठ्ठेचाळीसावी खूण झाली. रक्त दिलं. शनिवारी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा अप्पा बाकावर असे बसले होते की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना घाम फुटला होता. मलाही. डॉक्टरांनी कागद उलगडला आणि म्हणाले, एकशे एकतीस. सुई नको. असंच चालू ठेवा.

अप्पांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मी तर रडलेच, उघड उघड. परतताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, "अप्पा, मी फार बोलले तुम्हाला. माफ करा. आता मंडल संपलं, सुई टळली. उद्यापासून तुम्ही तुमचे पळा, मी एक शब्द बोलणार नाही."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं.

रविवारी मी मनसोक्त झोपले. सातला उठून बाहेर आले तर अप्पा पायरीवर बसलेले. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या. घाम नाही, काही नाही.

"गेला नाहीत?"

"कोणी ओरडलंच नाही."

"अप्पा, कुळिगैचं ते आता पुरे करा. मंडल झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा ओशाळून हसले. "कुळिगै मी अम्मासाठी बोलतों, मा. वडा मला आवडतो म्हणून खाल्ला. कुळिगै बिचारी काय करील."

हा माणूस, खोटी खूण न करणारा.

"मग रोज सहाला माझं दार कशाला वाजवत होतात?"

ते नाडीशी खेळत राहिले. मग खाली बघतच बोलले, "आमच्या घरात अस्के मर्यादेने बोलतात. या, बसा, घ्या. कारखान्यातही सर, सर. मला ओरडायची ती आई. उन्हात गेलो, ओरडायची. जेवायला उशीर झाला, ओरडायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर मी जेवलो काय, न जेवलो काय, कोणाचा आवाज चढला नाही." मग म्हणाले, "तू त्या दिवशी ओरडलीस, तर मला वाटलं, कोणाला तरी माझं पडलंय."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, जवळ बसून रडावंसं वाटलं. पण घड्याळात सात वाजून गेले होते आणि ऊन चढत होतं.

"अहो मग बसलात काय असे देवळातल्या नंदीसारखे?" मी ओरडले. आवाज फाटला, तरी ओरडले. "ऊन डोक्यावर आलं तरी हा माणूस पायरी सोडत नाही. उठा. टोपी कुठाय? टोपी न घालता निघालात तर याद राखा. उठा म्हणते ना, अप्पा."

समोरच्या बाल्कनीतला ब्रश थांबला. अप्पा टोपी आणायला आत पळाले.