फोटो : दोन प्रती

"हा फोटो कोनाचा हाय बाई?"

"माह्याच."

अकोल्याच्या कोर्टात पीडितांचे अर्ज घेणाऱ्या देवरावबाबूंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दीपमालाकडे. तिनं तोंडावरचा स्कार्फ थोडा खाली ओढला. फोटोतल्या बाईचे दोन्ही गाल सारखे होते.

गुन्ह्याचा प्रकार : अ‍ॅसिड हल्ला.
आरोपीशी नाते : दीर.
व्यवसाय :

इथं 'शिवणकाम' लिहून खोडलेलं. उजवी पापणी मिटत नाही, डोळ्याला सतत धार, सुईत दोरा जात नाही. पापणीचं ऑपरेशन अमरावतीला व्हायचं होतं, मदत मंजूर झाली तर.

"हे पाहून समिती म्हनन, हिले झालं काय? उद्या बैठक हाय. चारच्या आत खरा फोटो आना, नाई तं गेलं पुढच्या महिन्यावर."

कोर्टासमोर तीन स्टुडिओ होते. दीपमाला बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसली. स्कार्फ सोडायला माणूस ओळखीचा लागतो.

तिथल्या स्टुडिओवाल्या मनोजनं लग्नाआधी तिचा स्थळांसाठीचा फोटोही काढला होता. तेव्हा नाकावरचा तीळ पुसला होता, न विचारता.

"काहून केलं रे बाप्पा असं?"

"मले वाटलं, ताई, सरकारी कागद जन्मभर राह्यते. त्याच्यावर कायले... दोन घंटे बसलो मी कम्प्युटरवर. पैसेई नाई घेतले."

"थेच तं! फुकटात दिराचा गुन्हा धुऊन देल्ला तुनं."

मनोजनं पांढरा पडदा सरळ केला.

ती स्टुलावर बसली, स्कार्फ सोडला. सवयीनं डावा गाल पुढे आला. तिनं तो मागे नेला.

"हं, ताई. डोळे मिटू नका."

सवय त्याचीही होती. बोलून झाल्यावर तो कॅमेऱ्यामागे तसाच वाकून राहिला.

"मिटतच नाई ना भाऊ," ती म्हणाली आणि हसली. तोंडाची एकच बाजू हसली. "काढ लवकर. बस जाईन."

फोटो : दोन प्रती.

चारला वीस कमी. देवरावबाबूंनी जुना फोटो सोलून तिला परत दिला, नवा चिकटवला. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर पडावा लागतो. त्यांचा हात वरच थांबला.

"मारा ना, साहेब."

त्यांनी मारला, अगदी कोपऱ्यात. तरी शाई गालापर्यंत आली. ती ओली होती. बाबू खाली वाकले आणि फोटोवर हळूच फुंकर घालू लागले.