भिंतीवर टांगायचं जाळं

गावात शूटिंग इतक्यांदा झालं होतं की कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं, हे आता कुत्र्यांनाही कळत होतं. मासे कसे धरतात, हे मात्र माणसं विसरत चालली होती, असं म्हातारीचं मत. आणि तिचं मत ती कुणी विचारायची वाट बघत बसत नसे.

तिचा थोरला मुलगा सिनेमांत इतक्या वेळा बुडाला होता की घरी जेवायला बसला तरी तोंड बुडाल्यासारखं करायचा. धाकटा समुद्राकडे हताशपणे बघण्यात पटाईत. सुना सांगाल तेव्हा रडत. होड्या किनाऱ्यावर ओळीने उभ्या, कारण तशा बऱ्या दिसतात. एक होडी फार नवी वाटते म्हणून सिनेमावाल्यांनी खरवडली. तिला गळती लागल्यावर दिग्दर्शक साहेब म्हणाले, "आता खरी वाटते."

आता त्यांची नजर जाळ्यावर गेली. म्हातारीने नवऱ्यासोबत ओसरीत बसून विणलेलं ते मोठं जाळं. होडीने पाण्यात वेढा घालायचा आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी ते किनाऱ्यावर ओढायचं. सजावटवाल्याला त्याचे तुकडे करून सेटच्या भिंतींवर टांगायचे होते. थोरल्याने परस्पर हो म्हणून टाकलं.

"आई, ते नुसतं पडून आहे."

"मीही पडूनच आहे. मलाही टांग."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. एकदा पाण्यात टाकू. भरून आलं तर जाळं घरात राहील. रिकामं आलं तर कात्री मी आणून देते."

थोरल्याने मान डोलावली. रिकामं येणार याची त्याला खात्री होती.

सकाळी खाडीच्या तोंडाशी पाणी काळवंडलं आणि पक्षी तुटून पडले. मासळी आली होती. किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला शूटिंग चाललं होतं, तरी म्हातारीने घराघरांतून माणसं उठवली. वेढा घातला, दोर हातात आले, आणि पुरुष ओढायला लागले. ओढायला म्हणजे छाती पुढे, हनुवटी उजेडाकडे आणि तोंडाने सुरेख कण्हणं.

"दोर ओढा रे, गळे नका काढू," म्हातारी म्हणाली आणि सुनांना घेऊन स्वतः दोराला लागली.

जाळं हललं. जड होतं. गुडघाभर पाण्यापर्यंत आलं, आत मासळी चांदीसारखी उसळायला लागली. म्हातारीने थोरल्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात पलीकडे हिरो आपलं वाक्य विसरला आणि भोंग्यातून आवाज आला, "कट."

सगळ्या पुरुषांनी दोर सोडला. हात झटकले. एकाने चहा आला का विचारलं. जाळं सरसर मागे जायला लागलं, कडेवरून मासळी निसटायला लागली. दोराला उरल्या फक्त म्हातारी आणि दोन सुना. तळव्यांची सालं निघत होती.

"ओढा, मुडद्यांनो."

कुणी हललं नाही. नकार कुणाचाच नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

"आई, जरा दम धर," थोरला म्हणाला, "ते लाइट बघतायत."

म्हातारीने त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यांत आपलीही एक येते हे तिच्या ध्यानात आलं, पण थांबायला वेळ नव्हता. मग तिने दातओठ खाल्ले, श्वास घेतला आणि ओरडली, "ॲक्शन."

दोर ताडकन ताणला गेला. जीव तोडून ओढलं पोरांनी. जाळं वाळूवर आलं. बरीच मासळी गेली होती, पण जाळ्याचं पोट भरलेलं होतं.

भोंगेवाला पळत आला. "मावशी, असं मध्येच बोलायचं नसतं. ते आमचं काम आहे."

"मग माझं तू कर. घरी भांडी पडलीत."

तो गेला. पुरुष छाती वरखाली करत तिच्याकडे तिरप्या नजरेने बघत उभे राहिले. ती "कट" कधी म्हणते याची वाट बघत होते. तिने टोपल्या पुढे सरकवल्या. त्यांनी मासळी निवडली, टोपल्या वाहून नेल्या, जाळं धुतलं, वाळत घातलं. उन्हं उतरली तरी कुणाची घरी जायची छाती होईना.

शेवटी धाकट्याने हळूच विचारलं, "आई, झालं ना आता?"

"मी काही बोलले का?" म्हातारी म्हणाली आणि फाटलेला भाग त्याच्यापुढे ओढून त्याच्या हातात जाळं विणायची सुई दिली.