काशीरामच्या खालची फळी

“हात लावू नका त्याला!”

मथुरा ओरडली तोवर दोघांनी केरूच्या काखेत हात घातलेही होते. एवढा कलमावरून पडला, तरी आंबे उतरवायची जाळीची काठी, घळ, त्याच्या मुठीत तशीच होती. हापूस जमिनीला लागू द्यायचा नाही हे हाडामासात इतकं मुरलेलं, की गड्याने फांदी सोडली आणि आंबे सांभाळले!

“वयनी, बसवतो नि पाणी पाजतो,” हरिश्चंद्र म्हणाला. बाग त्याची. झाडावरून पडलेल्याला आधी उठवून बसवायचं, ही वाडीची रीतच होती.

“बसवायचा नाय. पडलाय तसाच राहू दे.” मथुरेने गुडघे टेकून केरूचं डोकं दोन्ही हातांनी जागच्या जागी धरलं. “केरू, मान हलवू नको. पायाची बोटं हलव बघू.”

अंगठे हलले. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. खरी भीती पुढच्या उचलण्याची होती.

“सरळ फळी पायजे. माणूस मावंल एवढी.”

हरिश्चंद्रचा पाय निघेना. तेवढी फळी वाडीत एकच होती, आणि तिच्यावर मथुरेचा नवरा निजलेला होता.

“जावा भावजी. मी मागितली म्हणून सांगा.”

नऊ वर्षांपूर्वी काशीराम असाच पडला होता. पडल्यावर तो पाय झाडत होता. मथुरेनेच त्याला उठवून छातीशी धरून बसवलं आणि पाणी पाजलं. मग चौघांनी चादरीच्या झोळीतून नेलं. पाय पुन्हा हलले नाहीत. देवाची करणी, असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली. पुढे चार वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, आरोग्य केंद्रातल्या शिबिरात नर्सबाईंनी सांगितलं, की मणका मोडलेला असेल तर उठवून बसवताना आतली नस दुखावते आणि माणूस कायमचा अधू होतो. त्या दिवसापासून हा काटा तिच्या काळजात होता. नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही.

फळी लगेच आली.

“काशीनंच घाई केली,” हरिश्चंद्र धापा टाकत म्हणाला. “मला खाली ठेवा, पयली फळी न्या, म्हणाला.”

मथुरेच्या शब्दावर चौघांनी केरूला ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवलं आणि फळीवर घेतलं. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली फडकी लावली, लुगड्याने बांधलं, आणि टेम्पो हळूहळू रत्नागिरीला निघाला.

संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा काशीराम जमिनीवर गोधडीत पडला होता.

“केरू?”

“मणका मोडलाय. पन पाय शाबूत हायत. डॉक्टर म्हणाले, नीट आणलात म्हणून वाचले.”

“बरं झालं.”

ती त्याच्याजवळ बसली. त्याच्या निर्जीव पावलावर तिने हात ठेवला.

“तुमच्या वेळंला मी...”

“ठाव हाय मला,” काशीराम म्हणाला. “शिबिरातनं आलीस त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. मागनं नर्सबाईंनाच इचारलं मी.”

तिने मान वर केली नाही. पाच वर्षं तो हे मनात घेऊन तिच्याच हातचं जेवत होता.

“चल, वाढ,” तो म्हणाला. “तुझंही ताट हितंच आन.”