बकुळाच्या नंबरावरची माणसं

"घे, परत तांबडा झाला," आई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

लॅपटॉपवर लाल ओळ उमटली होती : हा नंबर आधीच दुसऱ्या सभासदाच्या नावावर आहे.

माझी लेक दूध पिता पिता मांडीवर झोपली होती. तिला न हलवता मी मान लांब करून पाहिलं. आमच्या गावाचं मुंबईतलं मंडळ लालबागला आहे. सभासदांचे फोन आणि पत्ते आता कॉम्प्युटरवर ताजे करायचे, असं मंडळानं ठरवलं. गावातल्याच एका मुलानं त्याचं सॉफ्टवेअर बनवलं. ते कसं वापरायचं याची मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण एरवी माझी नोकरी तीच, आणि सध्या बाळंतपणाची रजा, म्हणजे मंडळाच्या मते, "घरीच तर आहेस."

पुस्तिका वाचून बघायला माझ्या सासूबाई, बकुळाआई. त्यांना कळलं तर मंडळात सगळ्यांना कळेल, हा माझा हिशोब. सभासदाचं नाव शोधा, जुना नंबर काढा, नवा टाका, जतन करा. त्यांनी पहिलंच नाव घेतलं लवूभावजींचं, नव्या नंबराच्या जागी सवयीनं स्वतःचाच टाकला आणि मशीन अडलं.

लवूभावजी, कमल, शिवा, रामजी... मंडळाच्या जुन्या यादीत आमच्या चाळीतल्या सगळ्यांच्या नावापुढे एकच नंबर होता. आईंचा.

चाळीत आमच्या मजल्यावर पहिला फोन आईंकडे आला. जो तो त्यांचाच नंबर द्यायचा आणि आई गॅलरीतून हाका मारायच्या. पुढे मोबाइल आला, तो नंबरही तसाच सगळ्यांच्या नावावर चढला. मग चाळ पाडली, माणसं विरार, कळवा, बदलापूरला पांगली. आम्ही परळला आलो. मंडळाचा निरोप मात्र अजून आईंकडेच यायचा, आणि त्या दुपारभर एकेकाला फोन करत बसायच्या. निरोप एवढासा, बाकी गजाली, गप्पाच गप्पा.

"आई, एका नंबरावर एकच माणूस, अशी अट आहे यात," मी म्हटलं. "पण त्या मुलाला सांगितलं तर तो काढेल. सगळे राहू देत तुमच्याच नंबरावर."

मला वाटलं, खूश होतील.

"नको गो," त्या म्हणाल्या. "कमलचा आठव."

गणपतीआधी आईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा फोन बंद होता. नेमके गावी कमलचे काका गेले. निरोप आईंच्या बंद फोनवर पडून राहिला आणि कमल बाराव्यालाही पोचली नाही. भांडली नाही. उलट शहाळी घेऊन आईंच्या डोळ्याची चौकशी करायला आली. "भांडली असती तर बरा झाला असता," असं आई अजून म्हणतात.

त्यांनी फोन उचलला.

"शिवा, तुझो नंबर सांग."

"तुझ्या फोनवर दिसता मां वयनी!"

"मरांदे तां दिसणा. तोंडान सांग. सून माझी परीक्षा घेता हा."

मी हसू दाबलं, लेक हलली. एकेक नाव होत गेलं. आई एका बोटानं आकडे दाबायच्या, जतन करायच्या, हिरवी खूण आली की मान डोलवायच्या. कमलनं नंबर दिला आणि विचारलं, "म्हणजे आता तुझो फोन येवचो नाय?"

"कामाशिवाय केलो तर चलात मां?" आई म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवूनच ठेवला होता.

लवूभावजी शेवटी राहिले. बदलापूरला एकटेच असतात.

"माका मेसेज वाचूक जमणा नाय बकुळा. तू सांगतंस तांच बरा. माझो तुझ्याच नंबरावर ऱ्हवांदे."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच स्क्रीनवरचा चौकोन दाखवला : आवाजी निरोप. त्यात खूण केली की मशीनच फोन करून निरोप वाचून दाखवतं. दाखवला आणि वाटलं, दाखवायला नको होता.

आईंनी बोट ठेवून ते शब्द वाचले.

"लवूभावजी, मी काय जल्मभर पुरतलंय?" त्या म्हणाल्या. "मशीन सांगात तुमका. नंबर बोला."

पलीकडून मग एकेक आकडा यायला लागला. आई तो मोठ्यानं म्हणायच्या आणि दाबायच्या. खूणही त्यांनी स्वतःच केली.

रविवारी दुपारी मंडळाच्या सभेचा निरोप गेला. आईंचा फोन एकदा वाजला. त्यांनी चष्मा लावून निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सगळ्यांका गेलो?"

"गेला, आई."

"लवूभावजींका?"

"त्यांनी उचलला. पूर्ण ऐकला, असं दिसतंय इथे."

"बरा झाला."

त्यांची फोनची जागा खिडकीजवळ. तिथे चटई मी सवयीनं आधीच घालून ठेवली होती. त्या तिच्यावर जाऊन बसल्या, थोड्या वेळानं उठल्या. फोन पूर्ण भरलेला होता. तरी त्यांनी तो चार्जिंगला लावला आणि वायर नीट बसली आहे ना, ते वाकून पाहिलं.